विक्रमकुंडांचं नगर

एका राज्यात शूर माणसं फार झाली होती. शूर माणसं थोडी असली तर राज्याला बरं. फार झाली की एकमेकांच्या पायांत पाय. राज्याचं नाव मला विचारू नका, नाव घेतलं की तिथली माणसं अजून भांडायला येतात. डोंगराच्या उतारावर ते नगर. वर राजवाडा, खाली नदी, आणि वाड्यापासून नदीपर्यंत उतारभर नुसती कुंडंच कुंडं.

कुंडं कसली, ते आधी ऐका. माणसांच्या जिवावर उठलेलं जनावर ज्याने मारलं, त्याच्या नावाने उतारावर एक कुंड खोदायचं, अशी तिथली रीत. चहूबाजूंनी दगडी काठ. शूराने त्यात आपलं रक्ताळलेलं शस्त्र धुवायचं, आणि मग ते पाणी कधी उपसायचं नाही, वाहू द्यायचं नाही, त्यात घागर बुडवायची नाही. त्याला म्हणत विक्रमकुंड. वाघ मारला, खोदा कुंड. अस्वल मारलं, खोदा कुंड. पाणी हिरवं झालं तरी कुणी नाक मुरडत नसे. जितकं पाणी हिरवं, तितकं घराणं जुनं.

आणि मग काय विचारता! शेजाऱ्याच्या कुंडाला पायऱ्या, तर माझ्या कुंडाला पायऱ्या आणि वर दगडी हत्ती. जावाजावा कुंडावरून बोलेनाशा झाल्या. व्याही व्याह्याच्या कुंडाकडे पाठ करून जेवायला बसे. सोयरीक जमवायची झाली तर मुलगा आंधळा की पांगळा हे मागाहून, आधी प्रश्न, "कुंड केवढं?"

त्या राज्याचा राजा सिंहध्वज. त्याला दोन मुली, थोरली वज्रमाला, धाकटी पद्मगंधा. मुलगा नव्हता. प्रजा जिला मोठा मान देईल ती गादीवर बसेल, असं राजाने सांगून ठेवलं होतं. झालं! दोन बहिणींत विस्तव जाईना.

खरं तर थोरलीने काय कमी केलं होतं? अस्वल मारलं, मगर मारली, पिसाळलेला रानडुक्कर एकटीने भाल्यावर घेतला. तिचं कुंड दर शिकारीला वाढवत नेलेलं, नगरात सर्वांत रुंद. पण लोक म्हणत, "वज्रमालाबाई मारणारच. त्यांचं कामच ते." धाकटीने एक वाघ मारला, तोही एका बाणात, तोही घाबरून डोळे मिटून सोडलेल्या; आणि नगरात तोरणं लागली. बायका जात्यावर तिच्या ओव्या गाऊ लागल्या. तिच्यासाठी पांढऱ्या दगडाचं कुंड बांधलं. ते पाहून वज्रमालेच्या अंगाचा तिळपापड झाला. रोज सकाळी ती गच्चीवर उभी राही, त्या पांढऱ्या कुंडाकडे पाही, आणि मनातल्या मनात हातात पहार घेऊन ते फोडून टाकी. मनातल्या मनात किती वेळा फोडलं असेल, देव जाणे.

पांढऱ्या कुंडाची पूजा होती त्या दिवशी दरबारात धूम्रकेश नावाचा मांत्रिक आला. जटा राखाडी, डोळे तांबडे. कमंडलू खाली ठेवून तो म्हणाला,

"महाराज, मी मंत्राने अजगर मारला. माणसं गिळणारा अजगर. मलाही कुंड हवं."

राजा म्हणाला, "बुवा, मंत्राने मारलं ते काय मारणं? शस्त्र नाही, रक्त नाही. कुंडात धुवाल काय? जीभ?"

दरबार खदखदून हसला. पद्मगंधा तर सर्वांत मोठ्याने हसली. मांत्रिक हसला नाही. या राज्यात राहून त्यालाही कुंडाचं वेड लागलं होतं हो, आणि वेड लागलेल्या माणसाला हसू नये.

"माणसाला सर्वांत घातकी जनावर कोणतं, एवढंही तुम्हाला ठाऊक नाही," तो म्हणाला, "आणि कुंडं खोदता! मग ऐका. या नगराची जी सर्वांत लाडकी, तिला थंडी वाजून ताप भरेल. माणसाच्या सर्वांत मोठ्या वैऱ्याचं घर मोडाल तेव्हाच तो उतरेल. दोन चुका माफ. तिसरी चूक झाली की पोर गेली."

एवढं बोलून तो धूर झाला आणि खिडकीतून निघून गेला.

सगळ्यांच्या माना पद्मगंधेकडे वळल्या. वज्रमालेकडे एकही वळली नाही. बहिणीवर काय आलं याचं दुःख व्हायच्या आधी तिला त्याच गोष्टीचं दुःख झालं. मी तिची बाजू घेत नाही, झालं तसं सांगतो. एवढ्यात पद्मगंधेचे दात वाजू लागले. तिच्यावर सात रजया घातल्या, तरी रजयांसकट ती हुडहुडत राहिली.

तापाने त्या नगरात माणसं आधीही मरत होती. घरोघरी मरत होती. पण तापाशी लढून कुंड मिळत नाही, म्हणून तापाकडे कुणी वैरी म्हणून पाहिलंच नव्हतं.

वज्रमाला राजापुढे उभी राहिली. "महाराज, वैऱ्याचं घर मी मोडते."

"तूच मोडशील," राजा म्हणाला, आणि पुन्हा पद्मगंधेच्या कपाळावर हात ठेवून बसला.

पहिल्या खेपेस वज्रमाला वाघाच्या गुहेवर गेली. माणसाला वाघाहून घातकी कोण? गुहेत गावंच्या गावं उठवणारा नरभक्षक होता. दिवसभर झुंज झाली. वाघ पडला, आणि तिने गुहेचं तोंड शिळा लोटून बुजवलं. खांदा फाटलेला, अशी ती परतली. इकडे पद्मगंधेचा ताप वाढला होता. सगळं नगर वाड्याच्या दारात रडत बसलं होतं. वज्रमालेच्या खांद्याकडे कुणी पाहिलं नाही.

दुसऱ्या खेपेस ती केवड्याच्या बनात गेली. तिथे माणसाएवढ्या उंच वारुळात नागांचा राजा राहत होता. त्याच्या फुत्काराने झाडाची पानं गळत. वज्रमालेने तो मारला, वारूळ खणून सपाट केलं. एक दंश तिच्या पोटरीला झाला. तिने मांस कापून काढलं आणि लंगडत घरी आली. पद्मगंधेचा ताप आणखी चढला. आता ती डोळेही उघडेना. दासी म्हणाली, "वज्रमालाबाई, जरा बाजूला होता का? धाकट्या बाईसाहेबांना वारा लागत नाही."

आता सांगा, राग येईल की नाही?

तिसऱ्या खेपेस ती निघाली तेव्हा तिच्या मनात एक विचार आला. आला तो आला, आणि ठाण मांडून बसला. या खेपेस मी चुकीचं घर मोडलं तर? मगरीचा डोह आहे, लांडग्यांची दरी आहे. जावं, मोडावं, यावं. पोर जाईल. मला कोण काय म्हणणार? मी तर तीनदा जिवावर उदार झाले. ओव्या थांबतील, गादी मला राहील, आणि गच्चीवर उभं राहिलं की डोळ्यांत सलणारं काही उरणार नाही. ती दचकली. पण विचार काही उठला नाही.

नदीच्या वाळवंटात एक टिटवी पाय वर करून उताणी पडली होती. टिटव्या अशाच झोपतात. आभाळ कोसळलं तर पायांवर तोलून धरू, असा त्यांचा हिशेब.

"कुठे निघालीस गं?" टिटवीने पडल्या पडल्या विचारलं.

"माणसाच्या सर्वांत मोठ्या वैऱ्याचं घर मोडायला."

"पुऱ्या मनाने?"

वज्रमाला थांबली. पाखराशी खोटं काय बोलायचं! "अर्ध्या मनाने," ती म्हणाली.

"खरं बोललीस म्हणून नेते," टिटवी उठत म्हणाली. "आज वैरसभा आहे. भाला इथे ठेव. जोडे इथे ठेव. आणि तिथे जी जागा मिळेल ती मुकाट्याने घे."

वैरसभा भरली होती एका वडाखाली. भर दुपारी तिथे संध्याकाळसारखा अंधार होता. जगातली माणूसमारी जनावरं रांगेने बसली होती. रीत साधी होती. ज्याने जास्त माणसं मारली, तो पुढे. पुढच्या टोकाला एक उंच शिळा होती, तो पहिला मान.

वज्रमालेने पाहिलं, तर वाघ पार मागे. त्याच्याशेजारी सिंह, त्याचंही तोंड उतरलेलं. त्यांच्या पुढे हत्ती. हत्तीच्या पुढे मगर. मगरीच्या पुढे शेपटी उभारून विंचू. आणि विंचवाच्याही पुढे, वज्रमालेने डोळे चोळून पाहिलं, एक गोगलगाय.

"ही इथे कशी?" तिने विचारलं.

"दूरदेशीच्या तळ्यांतली आहे. हिच्या अंगातली कीड पाण्यात उतरली की पाण्यात उतरलेला माणूस झिजून मरतो," टिटवी म्हणाली. "गोगलगाय नि पोटात पाय."

मागून वाघ गुरगुरला, "चित्रं माझी काढतात. पोरं माझ्या नावाने भितात. आणि मला गोगलगायीच्या पाठी बसवता!"

"नाव सांगू नकोस, माणसं सांग," टिटवी म्हणाली. वाघाने गोगलगायीकडे असं पाहिलं की मला तिचीच काळजी वाटली.

गोगलगायीच्या पुढे पिसाळलेला कुत्रा लाळ गाळत बसला होता. त्याच्या पुढे नाग. नागाच्या पुढे एक जागा रिकामी होती. वर दर्भाचं आसन अंथरलेलं.

"ही तुझी," टिटवी म्हणाली. "बस."

"माझी? मी काय जनावर आहे?"

"माणसाला माणसाने मारलेलं तू पाहिलं नाहीस? नागाहून तुम्ही जास्त मारता. बस."

वज्रमालेचा चेहरा लाल झाला. तिला राग कशाचा आला असेल, सांगा बरं? वैऱ्यांत बसवलं याचा? छे हो! दुसऱ्या जागेवर बसवलं याचा.

"पहिला मान कुणाचा?" तिने विचारलं.

शिळेवर कुणीच दिसत नव्हतं. मग तिच्या कानाशी बारीक गुणगुण ऐकू आली. शिळेवर एक डासीण बसली होती. तिळाएवढी. तिचं नाव मशकराणी. वाघापासून नागापर्यंत सगळ्यांनी माना खाली घातल्या. त्या माना भक्तीने झुकल्या नव्हत्या, हेव्याने झुकल्या होत्या.

"हिने?" वज्रमाला म्हणाली.

"मी एकटीने नव्हे, माझ्या लेकींनी," मशकराणी म्हणाली. "आमचे पुरुष फुलांचा रस पितात, बिचारे. रक्त आम्ही बायका पितो, पोरांसाठी. एकाच्या अंगातला ताप दुसऱ्याच्या अंगात ठेवून येतो. तुझ्या बहिणीच्या अंगात आम्हीच ठेवला. मांत्रिकाने फक्त उंबरठा दाखवला."

"तुझं घर कुठे आहे?"

"तूच सांग ना! जिथे पाणी थांबतं तिथे आमचा पाळणा. आणि साऱ्या पृथ्वीवर पाणी थांबवून त्याला हात न लावण्याची शपथ घेणारं नगर एकच आहे." मशकराणीने पंख झटकले. "तुम्ही वाघ मारलात, आम्हाला घर मिळालं. अस्वल मारलंत, आणखी एक मिळालं. राजकन्ये, सर्वांत रुंद घर तुझं. माझ्या निम्म्या लेकी तिथल्या."

वज्रमाला आसनावरून उठली. भाला घ्यायला विसरली, जोडे घ्यायला विसरली. अनवाणी धावत नगराकडे निघाली. कुंडं फोडायचीच, तिने ठरवलं. सगळी फोडू. फक्त आपलं तेवढं एक ठेवू, त्याला वरून झाकण घालू. असंही तिने धावता धावता ठरवलं. स्वभावाला औषध नाही.

दरबारात तिने सगळं सांगितलं. ऐकून सगळे हळहळले, आणि सगळ्यांना पटलं. पटल्यावर सेनापती म्हणाला, "जरूर फोडा. माझं कुंड तेवढं डोंगराच्या कडेला आहे, ते कुणाला बाधत नाही." पुरोहित म्हणाले, "आमचं पाणी मंत्रलेलं आहे, त्यात डास होत नाहीत." राजा म्हणाला, "पूर्वजांची राहू द्या, बाकीची फोडा." ज्याला त्याला शेजाऱ्याचं कुंड फुटायला हवं होतं.

वज्रमाला बहिणीकडे गेली. पद्मगंधेने डोळे उघडले. ओठ कोरडे, आवाज कसाबसा.

"ताई, ऐकलं मी. सगळी फोड गं. माझं तेवढं ठेव."

"पद्मा, मरशील अशाने."

"मेले तर मेले. पण तुझं राहील आणि माझं जाईल, हे व्हायचं नाही."

वज्रमाला एकदम हसत सुटली. दासींना वाटलं, थोरल्या बाईंनाही ताप चढला. इतकी वर्षं जिला साळसूद समजून जळत होतो, ती आपलीच बहीण निघाली की! तिच्या मनात ठाण मांडून बसलेला तो विचार तेव्हा कुठे उठला आणि चालता झाला.

ती उतारावर आली. लोक जमले होते, हात बांधून, आपापल्या काठाला पाठ लावून. तिने पहार उचलली आणि पहिला घाव आपल्या कुंडावर घातला. अस्वलाचं, मगरीचं, रानडुकराचं कुंड. दगड निखळला, हिरवं पाणी घळाघळा उताराने नदीकडे धावलं. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते तिने पुसलंही नाही. मग पहार खांद्यावर टाकून ती सेनापतीला म्हणाली,

"नगरातलं सर्वांत मोठं कुंड आता तुमचं. अभिनंदन."

झालं! सेनापतीचं सर्वांत मोठं? पुरोहितांना ते सहन होईना. त्यांनी धावत जाऊन सेनापतीच्या काठाला सब्बल लावली. सेनापतीने संतापून पुरोहितांचं मंत्रलेलं पाणी वाहतं केलं. ज्याचं गेलं तो दुसऱ्याचं राहू देईना. "माझं नाही तर तुझं का?" जावांनी जावांची फोडली, व्याह्यांनी व्याह्यांची. कुणी पूर्वजांच्या कुंडाला हात लावला, तेव्हा राजाने तोंड फिरवलं. अहो, शतकांचा हेवा कामाला लागला. दिवस मावळायच्या आत उतार कोरडा झाला. पाण्यातली वळवळ नदीत गेली, माशांनी मटकावली.

एकच राहिलं. पांढऱ्या दगडाचं.

त्याच्याभोवती सगळे थांबले. सब्बली खाली आल्या. "धाकट्या बाईसाहेबांचं आहे," कुणी म्हणालं. "एकाने काय होतंय?" दुसरं म्हणालं. पाण्यावर गुणगुण घुमत होती. वाड्यातून दासी धावत आली, "बाईसाहेबांचे हात गार पडले!"

वज्रमाला पहार घेऊन पुढे झाली. लोक कुजबुजले, "बघा, शेवटी आलंच हिच्या मनातलं हातात. हेव्याने फोडतेय." तिने ऐकलं. गच्चीवरून मनात जे इतक्यांदा केलं ते आता हाताने करायचं होतं, आणि आता तिला ते नको होतं. पांढरा दगड उतरत्या उन्हात सुंदर दिसत होता. तो तसाच राहू द्यावा, लोकांनी आपल्याला भली म्हणावं, असं तिला फार वाटलं. भली म्हणवून घ्यायचं, की बहीण ठेवायची? तिने पहार उचलली.

घाव बसला आणि दगड दुभंगला. एका बाईने तिला शिव्या दिल्या. दुसऱ्या घावाला काठ सुटला. तिसऱ्या घावाला पाणी गेलं.

तेवढ्यात धूर खाली उतरला आणि त्याचा धूम्रकेश झाला. त्याने उतारभर नजर फिरवली.

"कुणाचंच नाही?" त्याने विचारलं.

"कुणाचंच नाही," राजा म्हणाला.

"मग माझं नाही याचं मला काही नाही," मांत्रिक म्हणाला. त्याने कमंडलूतलं पाणी नदीत ओतलं, शाप सुटला असं तीनदा म्हटलं, आणि या खेपेस पायी चालत निघून गेला.

वाड्यात पद्मगंधेला दरदरून घाम फुटला होता. रजया तिने लाथेने दूर केल्या. थोरली दारात उभी होती, हात दगडाच्या पांढऱ्या भुकटीने माखलेले.

"माझं कुंड?" पद्मगंधेने विचारलं.

"फोडलं. मीच फोडलं."

"हेव्याने?"

वज्रमालेने विचार केला. "थोडंसं हेव्यानेही," ती म्हणाली.

पद्मगंधेने तिच्याकडे नीट पाहिलं, आणि पलंगावर सरकून जागा केली. "बस इथे," ती म्हणाली, "खांदा दाखव. कुणी बांधलाय तो इतका वाईट?"

राज्य ताळ्यावर आलं, पाणी वाहतं झालं, माणसं तापाने मरायची थांबली. गादीवर कोण बसलं, त्यावरून दोघी अजून भांडतात, पण एका ताटात जेवताना भांडतात. त्यांचा ताप जसा उतरला, तसा ऐकणाऱ्यांचा उतरो, सांगणाऱ्याचा उतरो. आणि कहाणी इथे सरो.